युनियन काय करील, काय करणार नाही
(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



युनियनवर आपण आजवर दोन तऱ्हेची भाषणे ऐकत आलो. एका भाषणात युनियन म्हणजे कल्पवृक्ष असतो. पावती फाडा, की बोनस, घर, पोराला नोकरी, सगळे टपाटप खाली पडणार! दुसरे भाषण शेठजींच्या ऑफिसातून निघते. त्यात युनियन म्हणजे धंद्याला लागलेली कीड. हीच कीड लागली म्हणून म्हणे गिरण्या बुडाल्या. या दोन्हीपैकी एकही भाषण मी आज करणार नाही. पगाराच्या दिवशी आपण पाकीट हातात घेतो तेव्हा जमा किती आणि कापले किती, हे दोन्ही बघतो. युनियनचा हिशेब तसाच बघायचा आहे. सव्वाशे वर्षांहून जुना हिशेब आहे, तेव्हा थोडी कळ काढा.

आधी जमेची बाजू. रविवार घ्या. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 साली चालू झाली. त्यानंतर चौतीस वर्षे गिरणी कामगाराला हक्काची आठवड्याची सुट्टी नव्हती. दिवस उगवला की आत, मावळला की बाहेर. ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. काय मागितले होते? आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत पगार. अहो, भीक मागणारासुद्धा याहून जास्त मागतो! पण एवढ्यासाठी सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांच्यापुढे दोन बायांनीही भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण रविवारी पोरांना घेऊन बाजारात जातो तेव्हा हे कोणाच्या ध्यानात असते?

पण त्याच हिशेबाची दुसरी ओळही वाचली पाहिजे. लोखंड्यांच्या त्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, नियम नव्हते. हे मी म्हणत नाही, त्या काळच्या सरकारी अहवालातच तसे लिहून ठेवले आहे. एका माणसाच्या पुण्याईवर सगळे उभे होते. 1897 च्या प्लेगात लोखंडे गेले, आणि त्यांच्यामागे कामगारांच्या हातात संस्था म्हणून काही उरले नाही. माणसे जमवून सुट्टी मिळवता येते. ती टिकवायला, पुढचे मागायला वही लागते, वर्गणी लागते, खात्याखात्यातला प्रतिनिधी लागतो.

कामाच्या तासांचेही असेच. 1911 च्या कायद्याने कापडगिरणीत बारा तासांची मर्यादा आली. 1922 ला दिवसाचे अकरा आणि आठवड्याचे साठ तास झाले. 1934 ला आठवड्याचे चोपन्न. 1946 ला अठ्ठेचाळीस. एकेका पायरीमागे संप आहेत, सभा आहेत, तुरुंग आहे. आता यातली एक गंमत सांगतो, म्हणजे आपणच सगळे केले असा गर्व होणार नाही. अगदी पहिले फॅक्टरी कायदे व्हावेत म्हणून विलायतेत लँकेशायरचे गिरणीमालक ओरडत होते. त्यांना काय आपल्या आजोबा-पणज्यांचा कळवळा आला होता? छे! मुंबईच्या गिरण्या जास्त तास चालतात आणि स्वस्त सूत काढतात, हे त्यांच्या पोटात दुखत होते. दोन शेठ भांडले की मध्ये कामगाराला थोडी वाट मिळते. शहाण्या युनियनने ती वाट धरावी, पण त्या शेठला आपला मायबाप समजू नये.

1925 चा संप तर मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. मालकांनी पगारात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. दीड लाखांच्या आसपास कामगार सप्टेंबरात बाहेर पडले आणि डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. कपात मागे घ्यावी लागली. मोठा विजय! पण तो झाला कसा? सरकारने कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकात थांबवली, मालकांचा तेवढा खर्च वाचला, आणि मग त्यांनी हात मागे घेतला. म्हणजे कामगाराच्या चिकाटीने दार ठोठावले, पण आतून कडी निघाली ती सरकारी तिजोरीच्या पैशाने. धंद्यात देण्याजोगे काही असते, किंवा दुसऱ्या कोणाला द्यायला भाग पाडता येते, तेव्हा युनियनचा जोर लागू पडतो. हे ध्यानात ठेवा, 1982 ची गोष्ट निघेल तेव्हा पुन्हा लागेल.

त्या वेळी युनियन काढणे हासुद्धा गुन्हाच होता म्हणा ना. मद्रासला 1918 साली बी. पी. वाडियांनी गिरणी कामगारांची युनियन उभी केली. तेव्हा कंपनीने कोर्टात जाऊन पुढाऱ्यांवर मनाई हुकूम आणला, कारण संप करायला सांगणे म्हणजे कामगारांना करार मोडायला लावणे असा कायद्याचा अर्थ होता. युनियनने कामगारांना बाहेर काढले तर मालक नुकसानभरपाई मागू शकत होता. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदलेल्या युनियनला या फासातून सोडवले. कागदावरची दोन कलमे, पण त्यांच्याशिवाय 1928 झाले नसते.

1928! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद. कारण पगाराइतकेच कामाचे होते. दोन मागांवरच्या विणकऱ्याने तीन माग बघावेत, साचावाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, आणि उरलेली माणसे घरी जावीत, अशी मालकांची ‘सुधारणा’ होती. याच संपात गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, जन्माला आली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर ही शिकलेली मंडळी होती, आणि त्यांच्याबरोबर अर्जुन आळवे यांच्यासारखे स्वतः मागावर उभे राहणारेही होते. वर्ष संपायच्या आत सभासद पन्नास हजारांवर गेले. गिरणीगिरणीत कमिट्या झाल्या. जॉबरच्या मेहेरबानीवर नोकरी टिकायची, त्याला हप्ता द्यायचा, त्याच्या घरची कामे करायची, त्या जॉबरला पहिल्यांदा कोणीतरी जाब विचारला. माझ्या मते युनियनने दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोठी आहे. पगारवाढ महागाई खाऊन टाकते. पण ‘का काढला?’ हा प्रश्न विचारणारा एक माणूस खात्यात असणे, याची किंमत रुपयांत होत नाही.

आणि मग 1929. मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडून नेले. एप्रिलमध्ये दुसरा मोठा संप झाला. आदल्या वर्षी सहा महिने उपाशी राहिलेला कामगार, कर्जात बुडालेला, सावकार दारात. संप कोसळला, आणि युनियनची वही जवळजवळ कोरी झाली. एकदा जिंकले म्हणून लगेच दुसऱ्यांदा जिंकता येत नाही. पोटाला सावरायला वेळ लागतो. पुढाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या घरी चूल पेटलेली असते.

आता मी जे बोलणार आहे ते काही जणांना रुचणार नाही. युनियन सगळ्यांची, असे आपण म्हणतो. होती का सगळ्यांची? मुंबईच्या गिरण्यांत मागखात्यात पगार बरा होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य समजल्या गेलेल्या आपल्याच भावांना प्रवेश नव्हता. धागा जोडताना तोंड लावावे लागते, मग विटाळ होतो! ही अट घालायला मालक येत नव्हता. सवर्ण विणकरीच ती पाळत आणि पाळायला लावत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928-29 मध्ये हे जाहीरपणे मांडले आणि युनियनवाल्यांना विचारले, की कामगारांची एकजूट म्हणता ती हीच काय? या सवालाला त्या वेळच्या पुढाऱ्यांकडे चोख उत्तर नव्हते. ज्याला तुम्ही मागाला हात लावू देत नाही, त्याला संपात मात्र उपाशी राहायला बोलावता, हा न्याय कुठला? आणि हेच दोन्ही पक्ष 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहिले, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा, तेव्हा मुंबई बंद करून दाखवली. एकजूट अशी होते. आधी सवाल ऐकून घ्यावा लागतो.

बायांचे काय झाले? 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाचांत एक बाई होती. पुढे रात्रपाळीला बंदी आली, 1929 ला बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, कांड्या भरण्याच्या खात्यात यंत्रे आली. कायदे भल्यासाठीच होते. पण मालकाने हिशेब केला, की भत्ता देण्यापेक्षा बाई नको. खाते कमी होत गेले, बाया घरी गेल्या, आणि युनियनमधल्या बाप्यांनी त्यासाठी मोठा लढा दिला असे इतिहास सांगत नाही. बदलीवाल्याची तीच गत. सकाळी दरवाजावर उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. कायम कामगार त्याला आपला म्हणत नाही, आणि मालक त्याला कोणाचाच म्हणत नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर कायद्यांचा नवा जमाना आला. 1947 च्या औद्योगिक कोर्टाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत किमान मूळ पगार 30 रुपये ठरला, महागाई भत्ता निर्देशांकाला बांधला. 1948 ला विमा योजनेचा कायदा, 1952 ला प्रॉव्हिडंट फंडाचा, 1965 ला बोनसचा, 1972 ला ग्रॅच्युइटीचा. हे सगळे जमेत धरा, कोणी फुकट दिलेले नाही. पण याच वेळी 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका गावात एका धंद्याला एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन ठरवली. तिने केलेला करार सगळ्यांना बंधनकारक. ती प्रातिनिधिक आहे की नाही हे कसे ठरणार? कामगारांच्या गुप्त मतदानाने? नाही. दप्तरातल्या सभासदांच्या आकड्यावरून. मुंबईत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. 1950 साली बोनससाठी मिल मजदूर सभेच्या पुढाकाराने सुमारे दोन लाख कामगार दोन महिने बाहेर राहिले आणि रिकाम्या हाताने परत गेले. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला कायदा तयार नव्हता, आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यामागे त्या दिवशी कामगार नव्हते. हा तिढा तीस वर्षे तसाच राहिला.

मध्ये एक गोष्ट सांगतो. 21 नोव्हेंबर 1955 ला याच कामगारांनी पगाराच्या एका पैशासाठी नव्हे, तर मुंबईसह महाराष्ट्रासाठी काम बंद केले आणि फ्लोरा फाउंटनवर गोळ्या खाल्ल्या. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या वडिलांनी-आजोबांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या. गिरणी कामगाराला फक्त पोट कळते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस वाचावेत.

आता 1982. बोनसवरून 1981 च्या दिवाळीच्या सुमारास असंतोष पेटला, कामगार आपल्या पायांनी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे. मागण्या रास्त होत्या. पगारवाढ, घरभाडे भत्ता, बदलीवाल्यांना कायम करणे, आणि तो 1946 चा कायदा रद्द करणे. कामगार फितूर झाला नाही. कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे गावी जाऊन शेतात राबला, बायकांनी दागिने मोडले, खानावळी चालवल्या. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही. तो विरून गेला. 1983 च्या ऑक्टोबरात सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. लाखावर माणसे पुन्हा कधी गिरणीच्या आत गेली नाहीत.

का हरलो? कोणी म्हणतो पुढारी हट्टी, कोणी म्हणतो सरकार निर्दय. दोन्हींत तथ्य असेल. पण मला वाटते, मूळ कारण भिवंडीत होते, मालेगावात होते, इचलकरंजीत होते. मुंबईचे भोंगे बंद असताना तिथले माग चालू होते. तिथे विणलेल्या कापडावर गिरणीचा छाप मारून ते बाजारात विकले गेले. माणसे बाहेर, पण माल चालूच! 1928 ला गिरणी बंद म्हणजे कापड बंद होते. 1982 ला तसे राहिले नव्हते. यंत्रमागावरचा कामगार बारा बारा तास राबत होता, मीटरवर मजुरी घेत होता, त्याला ना फंड ना विमा, आणि आपण मुंबईकरांनी त्याला कधी विचारले नव्हते की बाबा रे, तुझी युनियन कुठे आहे? तो फितूर नव्हता. त्याला कोणी बोलावलेच नव्हते. आणि मालकांचा डोळा तोवर कापडावरून जमिनीवर गेला होता. 1991 च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, 2001 ला ती आणखी रुंद झाली. ज्याला गिरणी बंदच करायची आहे, त्याला तुम्ही संपाची भीती काय घालणार?

इथे युनियनची हद्द लागते. श्रमाची किंमत ती वाढवून देऊ शकते, पण श्रम विकत घ्यायला कोणी उभा राहीलच, ही हमी तिच्या हातात नाही. अहमदाबादची गोष्ट बघा. 1918 ला गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांनी लढा दिला, 1920 ला मजूर महाजन उभे राहिले. लवादाने तंटे मिटवणारी, शाळा-दवाखाने चालवणारी संघटना. मुंबईच्या अगदी उलट वळणाची. पण 1980 नंतर तिथल्याही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भांडून हरले ते मुंबईचे, समजुतीने वागून हरले ते अहमदाबादचे. तेव्हा संपानेच गिरण्या बुडाल्या, हे शेठजींचे भाषण त्यांनाच परत करा.

तरीही, गिरण्या मेल्यावर कामगार मेला नाही. दत्ता इस्वलकरांसारख्यांनी 1989 पासून बंद गिरणी कामगारांना जमवले. भत्ता नाही, नोकरी नाही, संप करायला गिरणीच नाही. तरी जमिनीच्या प्रश्नावर घरांचा हक्क मिळवला. 2012 पासून सोडती निघू लागल्या. दीड लाखावर कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले, घरे मिळाली ती त्यांतल्या थोड्यांना. जमेत टाकायचे की खर्चात, ते अर्ज हातात घेऊन बसलेल्या म्हातारीला विचारा.

मग यंत्रमागावरच्या, कंत्राटावरच्या माणसाने काय करायचे? त्याचा मालक कोण हेच कळत नाही. शेडवाला म्हणतो मी नुसता मजुरीने विणतो, सूत दिलेला व्यापारी म्हणतो माझा कामगाराशी संबंध नाही. उचल घेतलेली असली म्हणजे तोंड बांधलेले. अशीच स्थिती माथाडी हमालांची होती. आज या पेढीवर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. मालकांनी पैसे मंडळात भरायचे, मजुरीवर वर लेव्ही द्यायची, त्यातून फंड, रजा, बोनस. मालक बदलला तरी खाते तेच! पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाने हे मिळवले. यंत्रमागवाल्यांसाठी असे मंडळ का असू नये, याचे उत्तर अजून मला कोणी पटेल असे दिलेले नाही.

शेवटी आजच्या कामाचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि 1926 चा तो ट्रेड युनियन कायदा त्यांत गेला. यातले तीन मुद्दे डोक्यात ठेवा. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. गिरणी बंद करायला किंवा माणसे कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. म्हणजे अडीचशे माणसांच्या सूतगिरणीला परवानगीची गरज नाही. आणि तिसरा मुद्दा, हजेरीपटावरच्या शेकडा एक्कावन्न कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, तिच्याशीच मालकाने बोलायचे.

हा तिसरा मुद्दा नीट ऐका. हजेरीपटावरचे कामगार! ज्याचे नाव पटावर नाही, तो मोजलाच जाणार नाही. कंत्राटदाराच्या वहीत असलेला, तोंडी ठेवलेला, बदलीवर बोलावलेला, मुदतीच्या कागदावर सही केलेला, यांपैकी कोण कोणाच्या पटावर आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसते. नाव नसेल तर मत नाही, मत नसेल तर करार दुसऱ्याचा. त्यामुळे पगारवाढीच्या मागणीआधी, या महिन्यात, नावांची मागणी पुढे गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कायम मंडळींनी यात पुढे व्हायचे आहे. बदलीवाला एकटा मागायला गेला तर दुसऱ्या दिवशी त्याला दरवाजावरूनच परत पाठवतील.

आणि आपल्या युनियनलाही तीन गोष्टी विचारा. वर्षाचा जमाखर्च सभेत वाचून दाखवता का? करारावर सही करण्याआधी तो खात्याखात्यात मतदानाला ठेवता का? कमिटीवर बाया किती, कंत्राटी किती? उत्तर देताना कोणी रागावला, तर रागावू द्या, पण उत्तर घेऊनच उठा.

ज्यांची नावे पटावर नाहीत, त्यांनी सभा संपल्यावर मंचाच्या डाव्या बाजूला टेबलापाशी यावे आणि नाव, खाते, पाळी, कंत्राटदाराचे नाव आणि कामाला लागल्याची तारीख लिहून द्यावी. गेटपास, पगाराची चिठ्ठी, विम्याचा नंबर, जे काही असेल ते दाखवा, मूळ कागद मात्र कोणाच्या हातात देऊ नका. रात्रपाळीवाल्यांसाठी उद्या सकाळी पाळी सुटताना दरवाजाबाहेर आमची माणसे वही घेऊन उभी असतील.